८७ सिल्व्हिया : वेल्ह्याच्या गच्चीवरून एका लघुग्रहाची फेरी मोजताना

२९ नोव्हेंबर

हौशी दुर्बिणीतून लघुग्रहाच्या परिवलनाचा काळ मोजायचा, असे आम्हा तिघांचे दोन वर्षांपासून चालले होते आणि दर हिवाळा कोणता लघुग्रह घ्यायचा या चर्चेतच संपत होता. या वेळी निवड लवकर झाली. ८७ सिल्व्हिया मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, सूर्यापासून सरासरी ३.४८ खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३.४८ पट अंतरावर) फिरतो. त्याला सूर्याभोवती एका फेरीसाठी सुमारे साडेसहा वर्षे लागतात, परंतु स्वतःभोवतीची फेरी तो ५ तास ११ मिनिटांत पूर्ण करतो. म्हणजे हिवाळ्यातल्या एकाच रात्रीत त्याची पूर्ण फेरी दिसू शकते. शिवाय तो वाटोळा नसून त्याची लांबी रुंदीच्या जवळजवळ दीडपट आहे. त्यामुळे फिरताना कधी त्याची लांब बाजू आपल्याकडे येते, तर कधी टोक. एका फेरीत तेज दोनदा वाढते आणि दोनदा घटते, आणि ही घट ०.३ ते ०.४ प्रतींची (प्रत म्हणजे ताऱ्यांचे तेज मोजण्याचे एकक) असल्याने ती आमच्या साधनांच्या आवाक्यात आहे.

दुसरे कारण भावनिक आहे. हा लघुग्रह १६ मे १८६६ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी शोधला. ताऱ्यांच्या प्रतींची जी मोजपट्टी आपण आजही वापरतो (पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक), तीही याच पॉग्सन यांनी १८५६ मध्ये मांडली. त्यांचा लघुग्रह त्यांच्याच मोजपट्टीने मोजावा, असे ठरले.

साधने अशी : २० सेंटीमीटर व्यासाची, १००० मिलिमीटर केंद्रांतराची न्यूटनी दुर्बीण, आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा जुना विषुववृत्तीय माउंट, थंड करता येणारा कृष्णधवल कॅमेरा. एका पिक्सेलमध्ये आकाशाचे ०.७८ विकला मावतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हे सर्व आमच्याकडे होतेच. नवीन खर्च फक्त दवरोधक पट्ट्यांचा (१,४०० रुपये) आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा (६,८०० रुपये).

६ डिसेंबर

सिंहगड रस्त्यावरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर चाचणी घेतली. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे वेधांची अपेक्षा नव्हतीच, फक्त ट्रॅकिंग तपासायचे होते. दीड किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयातून सोडलेला हिरवा लेझर दर काही सेकंदांनी आमच्या चौकटीतून जात होता. डिसेंबरात पुण्यात लग्नाची तारीख नाही असा शनिवार मिळणे अवघड आहे. शहरातून हे काम करायचे नाही, एवढाच निष्कर्ष घेऊन खाली उतरलो.

१३ डिसेंबर

वेल्ह्याजवळ एका मित्राचे शेतघर आहे. आमच्या घरापासून ते सुमारे ५५ किलोमीटर पडते. तिथल्या गच्चीवर साडेआठपर्यंत दुर्बीण उभी झाली. राखणदार मामांनी गोठ्यावरचा हॅलोजन मालवायला नम्रपणे नकार दिला, कारण मागच्याच आठवड्यात बिबट्याने शेजारच्या वस्तीवरचे वासरू नेले होते. त्यांचे म्हणणे योग्य होते. आम्ही गच्चीच्या त्या बाजूला दोन गोणपाटे आडवी बांधून प्रकाश अडवला.

रात्र वाया गेली आणि चूक पूर्णपणे माझी होती. नकाशावरून जागा काढून, त्या ठिकाणी दिसणाऱ्या साधारण बाराव्या प्रतीच्या ठिपक्याला सिल्व्हिया मानले आणि चार तास त्याचीच छायाचित्रे घेतली. मध्यरात्री चहा घेऊन वर आलेल्या मामांनी पडद्याकडे बघत विचारले, "दादा, तासाभरापूर्वी पण हा इथंच होता ना?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला दहा वाजताच मिळायला हवे होते. प्रतियुतीच्या, म्हणजे लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येण्याच्या सुमारास सिल्व्हिया ताऱ्यांच्या तुलनेत तासाला साधारण २८ विकला, म्हणजे आमच्या चौकटीत ३५ पिक्सेल सरकायला हवा, आणि आमचा ठिपका जागचा हललेला नव्हता. पहिले आणि शेवटचे छायाचित्र आलटूनपालटून पाहिल्यावर खरा सिल्व्हिया कडेजवळ, अर्ध्या अंशाच्या आत, इमानाने सरकताना सापडला. मी स्थान काढताना जुनी तारीख तशीच ठेवली होती. चौकटीच्या त्या कोपऱ्यात ताऱ्यांचे आकार इतके ताणले जातात की ही मापे वापरण्याजोगी नव्हती.

तेव्हापासूनचा नियम : जागेवर पोहोचल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची, ठिपका सरकला तरच पुढे जायचे.

२० डिसेंबर

अमावास्या, कोरडी थंडी, वारा नाही. रात्री ८:४० ते २:३० असे सलग वेध मिळाले. प्रत्येक एक्स्पोजर ६० सेकंदांचे ठेवले. एका मिनिटात लघुग्रह अर्ध्या विकलेपेक्षा कमी सरकतो, म्हणजे एका पिक्सेलच्या आतच राहतो. दोन मिनिटांचे एक्स्पोजर घेतले असते तर ठिपका लांबट होऊ लागला असता, आणि ३० सेकंदांत कोलाहल (चित्रातली खरखर) फार राहिला असता.

त्या रात्रीच्या दोन अडचणी नोंदवतो, कारण दोन्ही पहिल्या प्रयत्नात प्रत्येकाला भेटतील.

पहिली, रात्री ११:१० ते ११:३५ या वेळात सिल्व्हिया एका मंद ताऱ्याच्या अगदी जवळून गेला. आम्ही ज्या वर्तुळातला प्रकाश मोजत होतो त्यात त्या ताऱ्याचाही प्रकाश आला आणि प्रकाशवक्राच्या, म्हणजे वेळेनुसार तेजाच्या आलेखाच्या, शिखरावर एक खोटा उंचवटा तयार झाला. ही २५ छायाचित्रे काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. मार्ग आधीच नकाशावर आखला असता तर निदान मन तयार राहिले असते.

दुसरी अडचण महागात पडली. १२:४० च्या सुमारास लघुग्रहाने याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडले आणि माउंटला दुर्बीण उलट बाजूला फिरवावी लागली. अशा वेळी संपूर्ण चित्र १८० अंशांनी फिरते, आणि ज्याच्याशी लघुग्रहाचे तेज ताडून पाहत होतो तो तुलनातारा आधी स्वच्छ जागेत होता, तो आता कॅमेऱ्याच्या काचेवरील धुळीच्या कड्यावर येऊन बसला. वक्रात अचानक ०.०४ प्रतींची पायरी दिसू लागली. सपाट उजेडाची फ्लॅट छायाचित्रे घेतली असती तर ती आपोआप निघून गेली असती. ती पहाटे घेऊ म्हणून ठेवले, आणि अडीच वाजता थंडीने काकडलेल्या अवस्थेत कॅमेरा काढून पेटीत ठेवून दिला. कॅमेरा एकदा निघाला की त्या रात्रीच्या फ्लॅटचा उपयोग उरत नाही. शेवटी फिरवण्याआधीच्या आणि नंतरच्या भागांसाठी वेगवेगळे तुलनातारे निवडून दोन तुकडे जोडावे लागले. त्यात तीन संध्याकाळी गेल्या.

२१ डिसेंबर

तिथेच मुक्काम करून दुसरी रात्र घेतली, ८:३० ते २:२५. माझ्या लॅपटॉपचा चार्जर संध्याकाळीच बंद पडला, म्हणून मित्राचा लॅपटॉप आणि त्यावरचे दुसरे छायाचित्रण सॉफ्टवेअर वापरले. फ्लॅट मात्र या वेळी विसरलो नाही. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती पंचा ताणून बांधला आणि पहाटेच्या उजेडात ३० छायाचित्रे घेतली.

आकाश इतके स्वच्छ होते की मध्येच हिशेब सुचला. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. आमचा आरसा तिच्या एक दशांश व्यासाचा, म्हणजे शंभरपट कमी प्रकाश गोळा करणारा. पॉग्सन यांच्या मोजपट्टीत हा फरक बरोबर पाच प्रतींचा भरतो.

२५ डिसेंबर

दोन्ही रात्रींचे प्रकाशवक्र तयार झाले. २० तारखेला तेजाची खोल दरी रात्री ९:५० ला आणि उथळ दरी १२:२५ ला मिळाली. खोल दरी ०.३६ प्रतींची, उथळ ०.३० प्रतींची, आणि एका मापातील अनिश्चितता सुमारे ०.०१५. दोन दऱ्यांमधले अंतर २ तास ३५ मिनिटे, म्हणजे पूर्ण फेरी सव्वापाच तासांच्या आतबाहेर. एका रात्रीतून याहून नेमके काही काढता येत नाही, कारण दरीचा तळ सपाट असतो आणि तिची वेळ तीन मिनिटांपलीकडे अचूक ठरवणे आम्हाला जमले नाही.

दुसऱ्या रात्रीची पहिली दरी पहिल्या रात्रीच्या खोल दरीनंतर २८ तास ५० मिनिटांनी आली. या काळात साडेपाच फेऱ्या झाल्या असे धरले की एक फेरी ५.२४ तासांची येते. प्रकाशित झालेले मूल्य ५.१८ आहे. एक टक्क्याच्या आसपासची चूक म्हणजे पहिल्या प्रयत्नात उत्तमच, असे म्हणून आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले. ते अभिनंदन इथे मुद्दाम नोंदवून ठेवत आहे.

३ जानेवारी

पौर्णिमेमुळे वेध नाहीत. शाळकरी मुलांपुढे या कामाविषयी बोलायचे होते म्हणून तक्ता तयार केला आणि त्यात सिल्व्हियाचे नाव फ्रेंच खगोलज्ञ कामीय फ्लामारियाँ यांच्या पहिल्या पत्नीवरून, सिल्वी यांच्यावरून पडले असे लिहिले. ही माहिती जुन्या नामकोशात छापलेली आहे आणि ती चुकीची आहे. पॉग्सन यांनी १८६६ मध्ये शोध जाहीर करतानाच स्पष्ट केले होते की हे नाव रिया सिल्व्हियाचे, म्हणजे रोमच्या आख्यायिकेतील रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांच्या आईचे आहे. तक्ता छापून झाला होता. दुरुस्तीची पट्टी चिकटवली, खर्च ४० रुपये.

ही दुरुस्ती करताना एक गोष्ट लक्षात आली ती सांगण्याजोगी आहे. पॉग्सन यांनी नाव ठेवल्यावर १३५ वर्षांनी, २००१ मध्ये, मायकेल ब्राउन आणि ज्याँ-लुक मार्गो यांना हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून या लघुग्रहाभोवती फिरणारा चंद्र सापडला. २००५ मध्ये फ्रांक मार्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीमधील व्हीएलटी दुर्बिणीच्या साहाय्याने दुसरा चंद्र जाहीर केला. दोन चंद्र असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह ठरला. आईचे नाव आधीच ठेवलेले असल्याने मुलांच्या नावांसाठी कोणाला डोके खाजवावे लागले नाही. रोम्युलस सुमारे १,३५० किलोमीटरवरून ३.६५ दिवसांत, तर रीमस सुमारे ७०० किलोमीटरवरून १.३८ दिवसांत एक फेरी घालतो. या फेऱ्यांवरून सिल्व्हियाचे वस्तुमान काढता आले. सुमारे २७० किलोमीटर सरासरी व्यासाच्या या गोळ्याची घनता पाण्याच्या सव्वापटीच्या आसपासच निघते, म्हणजे तो एकसंध खडक नाही, आत भरपूर पोकळी असलेला, फुटलेल्या दगडधोंड्यांचा सैल ढीग असावा.

मुलांपैकी एकीने विचारले की तुमच्या छायाचित्रांत चंद्र का दिसत नाहीत. रोम्युलसचे सिल्व्हियापासूनचे अंतर पृथ्वीवरून पाऊण विकला भरते आणि आमचा एक पिक्सेल ०.७८ विकलांचा आहे. आई आणि दोन्ही मुले आमच्या कॅमेऱ्याच्या एका चौकोनात राहतात.

१७ जानेवारी

पुन्हा वेल्हे, पुन्हा अमावास्येची रात्र, माझा दुरुस्त झालेला लॅपटॉप. ८ ते २ असे सहा तास वेध. दव इतके पडले की दवरोधक पट्टी नसती तर दहा वाजताच थांबावे लागले असते. उथळ दरी ९:०८ ला, खोल दरी ११:४३ ला. रात्रीविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि वेधांच्या रात्रीची हीच सर्वांत चांगली नोंद असते.

१९ ते २२ जानेवारी

चार संध्याकाळी संगणकासमोर गेल्या. तिन्ही रात्री एकाच फेरीकाळावर घडी घालून एकमेकांवर बसवायच्या होत्या. ५.२४ च्या आसपास शोध घेतल्यावर ५.२४४ तास हा आकडा मिळाला. त्यावर तिन्ही रात्रींच्या दऱ्यांच्या वेळा जुळत होत्या, परंतु १७ जानेवारीची उथळ दरी २० डिसेंबरच्या खोल दरीवर जाऊन बसत होती. वेळ जुळते आणि खोली जुळत नाही, असा हा पेच होता.

इथे मोह झाला. दोन दऱ्यांमधला फरक अवघा ०.०६ प्रतींचा आहे. महिनाभरात पाहण्याचा कोन बदलतो, सूर्यप्रकाशाची दिशा बदलते, त्यामुळे खोली बदलली असेल, असे लिहून काम संपवता आले असते, आणि एका सहकाऱ्याने तसा परिच्छेद लिहूनही ठेवला होता. परंतु फरक आमच्या अनिश्चिततेच्या चौपट होता आणि तिन्ही रात्री तो तितकाच होता. तो फक्त नको त्या दरीला चिकटत होता.

उत्तर ध्यानीमनी नसताना सापडले. आलेखाच्या आडव्या अक्षावर ज्युलियन दिनांकाऐवजी (खगोलशास्त्रात वापरली जाणारी दिवसांची सलग मोजणी) घड्याळाची वेळ लिहावी म्हणून मी प्रत्येक रात्रीच्या शेवटच्या छायाचित्राचा दिनांक भारतीय वेळेत बदलला. ज्युलियन दिवस जागतिक वेळेनुसार दुपारी १२ ला सुरू होतो. २१ डिसेंबरच्या शेवटच्या छायाचित्राचा अपूर्णांक होता .६०१, म्हणजे जागतिक वेळेनुसार २:२५, म्हणजे भारतात सकाळी ७:५५. आमच्या नोंदींवर विश्वास ठेवायचा तर त्या दिवशी सूर्योदयानंतर पाऊण तास उलटला तरी आम्ही बाराव्या प्रतीच्या लघुग्रहाचे उत्तम वेध घेत होतो.

मित्राच्या लॅपटॉपवरील सॉफ्टवेअर फाइलच्या शीर्षकात भारतीय प्रमाणवेळ लिहीत होते, माझे सॉफ्टवेअर जागतिक वेळ लिहीत होते, आणि मी दोन्ही जागतिक समजून वाचल्या. साडेपाच तासांची चूक इतके दिवस लपून राहिली याचे कारण सिल्व्हियाचाच वेग आहे. त्याची फेरी ५ तास ११ मिनिटांची, म्हणजे साडेपाच तासांत तो एक पूर्ण फेरी करून वर जेमतेम १९ मिनिटे पुढे जातो. चूक जवळजवळ एका पूर्ण फेरीएवढी असल्याने दरीवर दरी बसल्यासारखी दिसली, आणि उरलेली १९ मिनिटे साडेपाच फेऱ्यांत वाटली जाऊन ५.१८ चे ५.२४ झाले. आठ तासांत फिरणारा लघुग्रह निवडला असता तर हा गोंधळ पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

दुरुस्त हिशेब : २० डिसेंबरची खोल दरी ते २१ डिसेंबरची पहिली, उथळ दरी यांत २३ तास २० मिनिटे आणि साडेचार फेऱ्या, म्हणजे ५.१८५ तास. हा आकडा हातात आल्यावर १७ जानेवारीपर्यंत किती फेऱ्या झाल्या हे निःशंकपणे ठरवता येते : १२९.५. लघुग्रह आता थोडा दूर गेला आहे. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला वीस मिनिटांहून अधिक लागतात आणि या चार आठवड्यांत त्यात साधारण एका मिनिटाची भर पडली, ती वजा केली. उरलेले ६७१ तास १७ मिनिटे भागिले १२९.५, उत्तर ५.१८३७ तास. खोल दरी खोल दरीवर आणि उथळ उथळीवर बसली.

२४ जानेवारी

जुळवून घेतलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवावा याची शंका असल्याने निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवले : आज खोल दरी ९:३६ ला यावी. पातळ ढगांमुळे जेमतेम अडीच तास वेध मिळाले, परंतु तुलनातारे त्याच चौकटीत असल्याने ढगांचा परिणाम बराचसा वजा होतो. दरी ९:३७ ला आली आणि तिची खोली ०.३५ होती. मामांना कागद आणि आलेख दोन्ही दाखवले. त्यांनी एक मिनिट कुठे गेले असे विचारले.

१ फेब्रुवारी

अंतिम मूल्य : ५.१८३७ तास, अनिश्चितता ०.०००४. प्रकाशित मूल्य ५.१८३६ आहे, त्यामुळे नवीन काही शोधल्याचा दावा नाही.

खर्च : बॅटरी आणि पट्ट्या ८,२००, चार फेऱ्यांचे पेट्रोल ३,६००, तक्त्याची पट्टी ४०, एकूण ११,८४० रुपये. वेधांच्या रात्री पाच, त्यांपैकी एक पूर्ण वाया. संगणकावर सुमारे ४० तास, त्यांतले निम्म्याहून अधिक धुळीच्या कड्यावर आणि साडेपाच तासांवर गेले.

करू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वेधांना बसताना सर्वांत आधी हातातल्या घड्याळाची वेळ वहीत लिहा, त्याच क्षणी एक छायाचित्र घ्या आणि त्या फाइलच्या शीर्षकात काय वेळ पडली आहे ते उघडून पाहा. याला दोन मिनिटे लागतात. आणि नेटवर्क नसलेल्या जागी जाण्यापूर्वी लॅपटॉपचे घड्याळ जुळवून घ्या. माझे घड्याळ १७ तारखेला ४० सेकंद मागे होते, पण तीन मिनिटांच्या अनिश्चिततेत ते खपून गेले.

सिल्व्हियाची पुढची प्रतियुती साधारण १४ महिन्यांनी येईल. तेव्हा तो वेगळ्या कोनातून दिसेल आणि दऱ्यांची खोली बदललेली असेल, म्हणून हेच काम पुन्हा करायचे ठरले आहे. मित्राचा लॅपटॉप काल परत केला. झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे : "हा भारतीय वेळ लिहितो."